गफ्फार मिस्त्रीच्या मुलीची चौकशी

मंगळवारी दुपारी पांढरा कुर्ता घातलेला, पिकल्या दाढीचा एक माणूस वणीत चंद्रपूर रोडमागच्या गल्लीत आला. मोटरसायकल त्याने लिंबाच्या सावलीत लावली, रुमालाने चष्मा पुसला आणि विमलताईंच्या पिठाच्या चक्कीसमोर उभं राहून विचारलं, "गफ्फार मिस्त्रींची मुलगी कशी आहे?"

विमलताईंनी चक्की बंद केली. असा माणूस असा प्रश्न कशासाठी विचारतो, हे गल्लीत सगळ्यांना कळतं. त्यांनी पाहुण्याला स्टूल दिला, पाणी दिलं, आणि पदराला हात पुसत सांगितलं, "दिवा घेऊन हुडकली तरी अशी पोरगी भेटनार नाही तुमाले."

"शिक्षण कसं काय?"

"एमेस्सी झाली. पयल्यापासून हुशार."

"बारावीत नापास झाली होती, असं ऐकलं."

"कोनं सांगतलं? जळतेत लोकं."

"मधली दोन वर्षं मग काय करत होती?"

"घरीच होती. शिवनकाम शिकत होती, मायच्या हाताखाली सैपाक."

"वडिलांच्या गॅरेजमध्ये काम करायची का?"

"गॅरेजात?" विमलताईंनी गालाला हात लावला. "बाप्पा! त्या गॅरेजाकडं तिनं मान वर करून पाह्यलं नाही कधी. चांगल्या घरची पोट्टी ट्रकाखाली कायले घुसन?"

"पुढे अजून शिकायचं आहे का तिला?"

"तिचं काही नाही बापा. सासरचे म्हनतीन तसं."

माणसाने पाणी संपवलं. तो उठत असताना विमलताईंनी आवाज खाली आणला. "एक सांगतो. त्या समोरच्या पंक्चरवाल्या रामधनले काही इचारू नका. त्याले चांगलं बोलताच येत नाही कोनाबद्दल. मोडता घालते."

माणसाने आणखी दोन घरी विचारलं. दोन्हीकडे हेच उत्तर मिळालं, जवळजवळ याच शब्दांत. शिवणकामसुद्धा सुटलं नाही. रामधनकडे तो गेला नाही. लिंबाखाली उभं राहून त्याने त्या दुकानाकडे जरा वेळ पाहिलं आणि मोटरसायकल सुरू केली.

त्याचं नाव जमीर. हिंगणघाटच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला होता आणि लोक अजून सर म्हणत. नागपूरचा एक न्यास पीएच.डी. करणाऱ्यांना शिष्यवृत्ती देतो. त्या न्यासासाठी जमीर सर अर्जदारांची गावात जाऊन चौकशी करत. चौकशी कशासाठी आहे हे शेजाऱ्यांना सांगायचं नाही, असा न्यासाचा नियम होता. शिष्यवृत्तीचं नाव निघालं की अख्खी गल्ली एका सुरात अर्जदाराची गरिबी गायला लागते, असा न्यासाचा अनुभव होता. खरं ऐकायचं म्हणून केलेला हा नियम. विचारणारा माणूस दाढीवाला, कुर्त्यातला आणि वयस्क असला, तर गल्ली त्याला काय समजेल, याचा विचार त्या नियमात नव्हता.

गफ्फार मिस्त्रींच्या मुलीला, अलफियाला, फोन आला तो शुक्रवारी. ती तेव्हा घराच्या गच्चीवर होती.

फोनवरची बाई न्यासाच्या कार्यालयातून बोलत होती आणि आवाजात राग नव्हता, हेच अलफियाला जास्त लागलं. तुमच्या अर्जातली माहिती आणि स्थानिक चौकशी जुळत नाही, असं ती म्हणाली. तुमच्या नावाचा निर्णय समितीने राखून ठेवला आहे. आमचा माणूस पुन्हा येईल. कधी, ते सांगता येणार नाही. तोवर समाधान झालं नाही तर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाचा विचार होईल.

"पण काय जुळत नाही?" अलफियाने विचारलं.

"मधली दोन वर्षं."

ती दोन वर्षं म्हणजे अलफियाचा अख्खा अर्ज होता. दहावीला जेमतेम पास, बारावी सायन्सला गणित आणि फिजिक्समध्ये नापास, मग घरी. पुढे बारावी कशीबशी सुटली, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी पुन्हा विषय राहिले. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात मात्र ती विद्यापीठात वरच्या नंबरात आली. बहुतेक ठिकाणी दहावीपासून साठ टक्के लागत. तिथे तिचा अर्ज पहिल्या पानावरच पडायचा. हा न्यास तेवढा वेगळा होता. सुरुवात कच्ची असेल तर कारण सांगा, एवढंच तो म्हणत होता.

अलफियाने कारण सांगितलं होतं. नापास झाल्यावर ती बापाच्या गॅरेजमध्ये बसली. कोळशाचे ट्रक येत, त्यांचे एअर फिल्टर काढून ठोकायचं आणि कॉम्प्रेसरने हवा मारायचं काम तिच्याकडे होतं. खाणीच्या रस्त्याने फिरणाऱ्या ट्रकची धूळ काळी निघे, मुरमाच्या रस्त्याची तांबडी, चुनखडीकडच्या गाड्यांची पांढुरकी. तिने ती धूळ वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून ठेवायला सुरुवात केली, कारण टाकवत नव्हती. तिचं आताचं संशोधन याच गोष्टीवर उभं होतं: गावोगावच्या गॅरेजांतून ट्रकचे जुने फिल्टर गोळा करायचे, त्यातल्या धुळीवरून कोणत्या रस्त्यावर कोळसा किती उडतो ते काढायचं, आणि रस्त्याकडेच्या कपाशीच्या बोंडांशी ते ताडून पाहायचं.

नागपूरच्या मुलाखतीत एका सदस्याने तेव्हाच विचारलं होतं, "हे गॅरेज खरं, की अर्जात शोभून दिसतं म्हणून?" बाकीचे हसले होते. अलफियाही हसली होती. आता गच्चीवर उभ्या उभ्या तिला ते हसणं आठवलं.

अमरावतीच्या तिच्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, शिष्यवृत्ती नसेल तर जागा या महिन्यापलीकडे धरून ठेवता येणार नाही. आणि पुढच्या महिन्यात पांढरकवड्याचे लोक तिला बघायला येणार होते. मुलाचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांनी निरोपात कळवलं होतं: मुलगी शिकलेली चालेल, शिकणारी नको.

ती खाली आली आणि आईला विचारलं, "अम्मी, मंगळवारी कोनी आलतं का गल्लीत, माह्याबद्दल इचाराले?"

जमिला मेथी निवडत होती. तिचा हात थांबला नाही, पण उत्तर जरा लवकर आलं. "आलते कोनी. पांढरकवड्याचे असतीन."

"तुले कोनं सांगतलं?"

"विमलनं."

"अन् विमलमावशीनं त्याले काय सांगतलं?"

"चांगलंच सांगतलं असन. वाईट कायले सांगन?"

या घरात हिंदी चाले आणि अंगणात वऱ्हाडी. भांडण दोन्हीत होई. ते आता सुरू झालं. अलफियाने विचारलं, तू शेजाऱ्यांना शिकवून ठेवलं होतंस का? जमिलाने आधी नाही म्हटलं, मग काय बिघडलं म्हटलं. "कोनी इचारलं तं गॅरेजाचं नाव काढू नका, इतकंच बोलली मी. नापास झाली हे सांगू नका. कोन माय नाही सांगत?"

"तो न्यासाचा मानूस होता, अम्मी."

"कोन न्यास?"

"माह्या पीएच.डी.चा. त्याले वाटून राह्यलं का मी खोटी हाय."

जमिलाने मेथीची जुडी खाली ठेवली. क्षणभर अलफियाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या मनात जे आलं ते तिने बोलून टाकलं. "तुले माहीत होतं. तुले माहीत होतं तो कोन हाय. रिश्ता पक्का व्हावा म्हनून तू मुद्दाम केलं."

"अल्ला की कसम, नाही."

अलफियाचा विश्वास बसला नाही. बसायला कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती चक्कीवर गेली. विमलताई कोणाचा तरी ज्वारीचा डबा तोलत होत्या. अलफियाने सगळं समजावलं: तो माणूस कोण, शिष्यवृत्ती काय, तो पुन्हा येणार. "मावशी, आता तो आला तं खरं सांगजा. मी गॅरेजात होती. तुमीच तं ओरडत होत्या, काळं तोंड घेऊन पिठाजवळ येऊ नको म्हनून."

विमलताईंनी डबा बाजूला ठेवला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. "पोरगा आवडला नाही का तुले?"

"कोनता पोरगा?"

"पांढरकवड्याचा."

"मावशी, मी शिष्यवृत्तीचं सांगून राह्यली."

"स्कॉलरशिपवाले असे मोटरसायकलीवर फिरतेत काय? ते सारं मोबाइलवर रायते. माह्या नातीची आली, कोन आलतं इचाराले?" विमलताई मायेनं हसल्या. "मले नको शिकवू. रिश्ता मोडाचा असला का पोरी स्वताचीच बदनामी करतेत. माह्या बहिनीनं हेच केलतं. लोकाइले सांगत फिरे, मले फिट येते म्हनून."

"मंग?"

"मंग काय. अजून घरीच हाय."

अलफियाने तिथल्या तिथे न्यासाच्या कार्यालयाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, मॅडम, या आमच्या शेजारी, यांनाच विचारा. फोनवरच्या बाईने विचारलं, "ही मुलगी गॅरेजमध्ये काम करत होती का?" विमलताईंनी फोनच्या जवळ तोंड नेलं. मोठ्यानं आणि शब्द तोडत त्या म्हणाल्या, "कधीच नाही. लोकाइचं ऐकू नका. पोरगी सोन्यासारखी हाय."  पलीकडून बाई म्हणाली, अशा प्रकारे माणसं समोर बसवून फोन लावू नका, त्याने तुमचंच नुकसान होईल. आणि हेही ऐकून ठेवा, घरच्यांचं किंवा वडिलांच्या गिऱ्हाइकांचं म्हणणं आम्ही धरत नाही.

म्हणजे साक्षीला ट्रकचे ड्रायव्हरही चालणार नव्हते. फोटो नव्हता, मुलगी गॅरेजमध्ये असताना गफ्फारने कोणाला मोबाइल बाहेर काढू दिला नव्हता. अलफिया निघाली तेव्हा विमलताईंनी मागून आवाज दिला. "अन् घाबरू नको. मी त्याले त्या रामधनपासून वाचवलं. म्हटलं, त्याले इचारू नका."

अलफिया दारातच थबकली. ज्याला इचारू नका म्हणून सांगितलं, त्यालाच तो माणूस पुढच्या वेळी आधी विचारणार. चौकशीवर आलेल्या कोणीही तेच केलं असतं.

रामधनचं पंक्चरचं दुकान गफ्फारच्या गॅरेजच्या बरोबर समोर होतं. एक पत्र्याचं शेड, ट्यूब बुडवायचं पाण्याचं टाकं, बाजूला त्याच्या बायकोचा चहाचा स्टोव्ह. गफ्फारचं आणि त्याचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कारण गल्लीत सगळ्यांना पाठ होतं: गॅरेजवाले एअर फिल्टर रस्त्याकडच्या भिंतीवर आपटत आणि ती धूळ रामधनच्या चहात जाई. एकदा तो तक्रार घेऊन नगरपालिकेत गेला होता. त्यानंतर गफ्फारचे ट्रक मुद्दाम त्याच्या दुकानासमोर उभे राहू लागले.

अलफियाला पाहून रामधनने हातातला टायर सोडला नाही.

"काका, कोनी माह्याबद्दल इचाराले आलं तं जे खरं हाय ते सांगजा. मी गॅरेजात फिल्टर ठोकत होती, बारावीत नापास झालती, सारं सांगा."

रामधनने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या मोबाइलकडे. "हे रेकॉर्डिंग चालू हाय काय?"

"नाही काका."

"बापानं धाडलं?"

"नाही."

"बरं." त्याने घसा साफ केला आणि मोबाइलला ऐकू जाईल अशा बेतानं बोलला. "मी रामधन. मले कोनाबद्दल काहीच म्हनाचं नाही. गफ्फारभाईची पोरगी लय चांगली. मी तिले कुठं पाह्यलं नाही. कोनाच्या बदनामीत मी नाही." आवाज उतरवून तो पुढे म्हणाला, "जाय आता. उद्या ठान्यात बोलावसान, काकानं बदनामी केली म्हनून. एवढा येडा नाही मी."

त्या दिवशी घरी कोणी धड जेवलं नाही. गफ्फार सहसा जेवताना फक्त इंजिनांबद्दल बोलतो. आज तो म्हणाला, "मीच जाऊन सांगतो नागपूरले. बाप हाव, मले नाही इचारनार तं कोनाले?"

"घरच्याइचं धरत नाहीत, अब्बा."

"मंग पुऱ्या वणीत खरं बोलनारा एक मानूस नाही काय?"

"हाय ना," जमिला म्हणाली. ती इतका वेळ भांड्यांशी काहीतरी करत होती. "रामधन."

"त्यानं तं सकाळी आरतीच ओवाळली माही," अलफिया म्हणाली.

"तू खरं सांगा म्हनाली म्हनून." जमिला पदर सावरून समोर येऊन बसली. नवऱ्याकडे बघत, पण मुलीसाठी बोलली. "तुमी जा त्याच्याकडं. हात जोडा. म्हना, रामधनभाऊ, पोरीच्या रिश्त्याची गोष्ट हाय, झालं गेलं इसरा, कोनी आलं तं दोन शब्द चांगले सांगा. गॅरेजाचं नाव काढू नका, पाया पडतो. मंग पाहा. तो एक गोष्ट सोडनार नाही."

अलफिया आईकडे पाहत राहिली. कालच्या शपथेवर न बसलेला विश्वास अजूनही पुरता बसला नव्हता, पण या बोलण्यात तिला खोट सापडेना.

गफ्फार म्हणाला, "तो एकाले सांगून थांबत नाही, जमिला. पांढरकवड्यालेबी जाईन."

"जाईन तं."

"तुलेच पाह्यजे होता ना तो रिश्ता?"

"पाह्यजे होता." तिने ताटातली भाकरी उगाच दुमडली. "पोरगी नापास हे मी झाकलं. ते झाकाचंच असते. पन पोरगी खोटी, हे कोनी म्हनलं तं मी नाही ऐकनार. माह्या झाकन्यानं म्हनलं तं अजिबातच नाही."

गफ्फारने जन्मात रामधनसमोर हात जोडले नव्हते. रविवारी सकाळी त्याने जोडले. गॅरेजच्या दारातून अलफिया पाहत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण बाप वाकलेला दिसत होता आणि रामधन टायरवर बसून त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होता. रामधनने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते इतक्या दुरून कळलं नाही. गफ्फार परत आला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत्या. "हसला नाही तो," तो म्हणाला. "मले वाटलं होतं हसन. हसला नाही म्हनून मले डाउट येऊन राह्यला."

जमीर सर बुधवारी आले. या वेळी मोटरसायकल त्यांनी सरळ रामधनच्या शेडसमोर लावली आणि त्याच्या बायकोच्या स्टोव्हवरचा एक चहा मागितला.

"गफ्फार मिस्त्रींची मुलगी कशी आहे?"

रामधनने त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "कायच्यासाठी इचारून राह्यले?"

"असंच. चौकशी."

"असंच कोनी चौकशी करते काय." पण तो उठला आणि बसायला टायर पुढे सरकवला. "ऐका मंग. बारावीत नापास. एका विषयात नाही, दोन. त्याच्या आधी काही उजेड नव्हता. दोन वर्षं या समोरच्या गॅरेजात होती. बापाचा जुना शर्ट घालून बसे. कोपरापर्यंत हात काळे."

"काय करायची?"

"फिल्टर ठोके. ट्रकचा फिल्टर मालूम हाय ना? त्या भिंतीवर, तिथं, पाहा, अजून डाग हाय. ठोकला का सारी धूळ माह्या इकडं. हे टाकं पाहा. ट्यूब बुडवाले स्वच्छ पानी लागते, नाहीतर बुडबुडा दिसत नाही. दोन वर्षं मले बुडबुडा दिसला नाही, साहेब."

जमीर सरांनी भिंतीकडे पाहिलं. काळ्या डागांचा एक पट्टा होता, माणसाच्या छातीच्या उंचीपर्यंत. मुलीच्या म्हटलं तर खांद्यापर्यंत.

"मी नगरपालिकेत गेलतो तिच्यापायी. लेखी तक्रार देल्ली. बापाचं नाव टाकलं, पन ठोके तं हेच."

"नंतर?"

"नंतर येडी झाली."

"म्हणजे?"

"धुळीच्या पुड्या बांधे. सांगतो तं हसान. फिल्टर ठोकला का पेपरावर धूळ घे, पुडी बांधे, वर ट्रक कुठून आला ते लिही. मी म्हटलं माह्या बायकोले, गफ्फारची पोट्टी गेली कामातून. एक दिवस इथं आली, म्हनते काका, तुमच्या टाक्याच्या तळाचा गाळ देता का. द्या म्हनते. अन् बाटलीत भरून घेऊन गेली."

जमीर सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मागच्या वेळी तीन घरी एकच उत्तर मिळालं होतं, म्हणून त्यांना संशय आला होता. आता सगळंच अर्जाशी जुळत होतं, आणि त्यांना यातही संशय आला. ते बत्तीस वर्षं शाळेत होते; जुळणारी उत्तरं कशी तयार होतात ते त्यांना माहीत होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, हे बोला म्हणून?"

"मले?" रामधन म्हणाला. "मले तिचा बाप हात जोडून सांगून गेला का चांगलं बोला. गॅरेजाचं नाव काढू नका, पाया पडतो."

"आणि तुम्ही तरी सांगताय."

"तुमी इचारलं."

"तुमचं आणि त्याचं वैर आहे?"

"हाय ना. म्हनून तं सांगतो. त्याचे दोस्त सांगतीन काय?"

जमीर सरांनी चहाचे पैसे दिले. जाताना ते भिंतीपाशी थांबले, डागावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि रुमालाने पुसून टाकलं. विमलताई चक्कीच्या दारातून हे सगळं बघत होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

न्यासाचा निर्णय महिना संपायच्या आत आला. अलफियाचं नाव यादीत होतं. पांढरकवड्याहून काहीच आलं नाही, निरोप नाही की फोन नाही. जमिलाने तिकडचा विषय काढला नाही. पाहुण्यांसाठी नव्या आणलेल्या कपबश्या तिने परत खोक्यात भरल्या आणि खोकं माळ्यावर टाकलं.

अमरावतीला जायच्या आदल्या दिवशी अलफियाच्या स्कूटीचं चाक बसलं. बापाच्या गॅरेजात ट्रकचं काम निघालेलं होतं. ती गाडी ढकलत रस्ता ओलांडून समोर गेली. रामधनने काही न बोलता चाक काढलं, ट्यूब टाक्यात बुडवली.

"काका," ती म्हणाली, "तुमी त्या दिवशी त्या सरांले सांगतलं त्याच्याबद्दल..."

"तो रिश्त्याचा मानूस नोहता."

अलफिया टाक्याजवळ येऊन बसली.

"पोरगी येऊन म्हनते खरं सांगा. बाप येऊन म्हनते चांगलं सांगा. अन् गफ्फार हात जोडते! तो मेला तरी मले हात जोडनार नाही. तवाच समजलो, काहीतरी उलटं हाय." त्याने ट्यूब फिरवली. "अन् तो म्हातारा. पोरगी रंगानं कशी, सैपाक येते का, एक शब्द नाही. गॅरेजात काय करे ते इचारते. असा कोन सासरा असते?"

"मंग तुमाले मालूम होतं का त्यात माहं भलं हाय?"

"अंदाज होता."

"तरी सांगतलं?"

पाण्यात एक बारीक बुडबुडा वर आला. रामधनने तिथे बोट दाबलं.

"दोन वर्षं प्यालो मी ते धूळ. तिचं काहीतरी झालं पाह्यजे का नाही?"

अलफियाने घरी येऊन हे सांगितलं. जमिला हसली. गफ्फारने मात्र हातातला पाना फिरवत बराच वेळ समोरच्या शेडकडे पाहिलं. "त्याले काहीतरी पाह्यजे असन," तो म्हणाला. "फुकटात असं कोनी करत नाही. पाहजो तू, मांगन एक दिवस."

रामधनने काही मागितलं नाही. पण त्या दिवसापासून गफ्फारने त्याच्या दुकानासमोर ट्रक उभा राहू दिला नाही आणि फिल्टर ठोकायची जागा गॅरेजच्या मागच्या अंगाला नेली. मागितलंच कधी, तर आधीच दिलेलं असावं म्हणून.